स्टेसी एब्रम्स आणि जॉर्जियाचे गव्हर्नरपद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेसी एब्रम्स कोण आहेत?

स्टेसी एब्रम्स या अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाच्या माजी सदस्य आहेत. २००७ ते २०१७ या काळात त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात होत्या आणि २०११ पासून तेथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या नेत्या होत्या. २०१८ मध्ये त्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार झाल्या. अमेरिकेतील दोन प्रमुख पक्षांपैकी एकाच्या वतीने कृष्णवर्णीय स्त्रीने हे पद लढवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ती निवडणूक त्या थोड्या फरकाने हरल्या आणि २०२२ ची निवडणूक मोठ्या फरकाने हरल्या. दोन पराभव पदरी असलेल्या या नेत्याची कारकीर्द तरीही नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण मतदारयादी कोणाच्या ताब्यात असावी आणि यादीबाहेर राहिलेल्या नागरिकाला यादीत कोणी आणायचे, हे दोन प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहेत.

अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल का?

नाही. भारतातील राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि राज्याचा कारभार मुख्यमंत्री व मंत्रिमंडळ चालवते. अमेरिकेतील गव्हर्नर हा स्वतःच राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो आणि त्याला संपूर्ण राज्यातील मतदार थेट निवडून देतात. महाराष्ट्रात थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडला जातो. तीच पद्धत एका अख्ख्या राज्याला लावली, तर या निवडणुकीची कल्पना येईल. विधिमंडळात बहुमत कोणत्या पक्षाचे आहे, यावर गव्हर्नरची निवड अवलंबून नसते. त्यामुळे एका छोट्या मतदारसंघातून निवडून येणाऱ्या आमदाराला राज्यव्यापी पदासाठी उभे राहायचे असेल, तर त्याला जवळपास नव्याने सुरुवात करावी लागते. जॉर्जियाच्या कनिष्ठ सभागृहात १८० आणि सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, ५६ सदस्य असतात. त्यांपैकी बहुतेकांची नावे शेजारच्या काउंटीतही (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) कोणाला माहीत नसतात.

राजकारणात येण्यापूर्वी त्या काय करत होत्या?

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९७३ रोजी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे झाला आणि बालपण मिसिसिपी राज्यातील गल्फपोर्ट या किनारी शहरात गेले. सहा भावंडांत त्या दुसऱ्या. पुढे आईवडील धर्मशास्त्राच्या शिक्षणासाठी अटलांटा परिसरात आले आणि दोघेही मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजातून पदवी, टेक्सास विद्यापीठातून सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर शिक्षण आणि १९९९ मध्ये येल विद्यापीठातून कायद्याची पदवी, असा त्यांचा शैक्षणिक प्रवास आहे. त्यानंतर त्यांनी करविषयक वकिली केली आणि वयाच्या २९ व्या वर्षी त्या अटलांटा शहराच्या उप-नगरवकील, म्हणजे शहर प्रशासनाच्या दुय्यम वकील, झाल्या. करकायद्याचा हा अभ्यास पुढे विधिमंडळात त्यांच्या फार उपयोगी पडला. एका टोपणनावाने त्यांनी प्रणयरम्य कादंबऱ्याही लिहिल्या आहेत.

विधिमंडळात त्यांनी नेमके काय केले?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण एब्रम्स यांच्याविषयीचे बहुतेक लेखन २०१८ पासून सुरू होते आणि त्याआधीच्या दहा वर्षांकडे दुर्लक्ष करते.

२००६ च्या निवडणुकीत त्या डिकाल्ब काउंटीतील मतदारसंघातून निवडून आल्या. २०१० च्या निवडणुकीनंतर पक्षाच्या आमदारांनी त्यांना सभागृहातील नेतेपदी निवडले. जॉर्जियाच्या विधिमंडळात कोणत्याही पक्षाचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत आणि कनिष्ठ सभागृहात पक्षनेतेपदी पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्यही त्याच. मात्र हे पद त्यांच्याकडे पक्षाच्या पडत्या काळात आले. जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाने गव्हर्नरपद शेवटचे जिंकले ते १९९८ मध्ये. २००२ मध्ये ते पद रिपब्लिकन पक्षाकडे गेले, त्यानंतर काही वर्षांतच कनिष्ठ सभागृहही गेले आणि २०१० नंतर उरलेले काही आमदारसुद्धा पक्ष सोडून सत्ताधाऱ्यांकडे गेले. अशा वेळी विरोधी पक्षनेत्याला जे करता येते ते फार थोडे असते, आणि जे करता येते त्यावर स्वपक्षीयच नाराज होतात.

२०११ मध्ये तसेच घडले. जॉर्जियात लॉटरीच्या उत्पन्नातून चालणारी ‘होप’ ही शिष्यवृत्ती १९९३ पासून आहे. चांगले गुण मिळवणाऱ्या हजारो मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण तिच्यामुळे शक्य झाले. खर्च उत्पन्नापेक्षा वाढू लागल्यावर रिपब्लिकन गव्हर्नर नेथन डील यांनी तीत कपात सुचवली. एब्रम्स यांनी सरसकट विरोध करण्याऐवजी वाटाघाटी केल्या. शालापूर्व वर्ग पूर्ण दिवसाचे राहावेत आणि गरजू विद्यार्थ्यांना कमी व्याजाचे कर्ज मिळावे, या मागण्यांच्या बदल्यात त्यांनी कपातीच्या विधेयकाला साथ दिली. त्यांच्या पक्षातील अनेकांना ही शरणागती वाटली. बहुमत समोरच्याकडे असताना विधेयक एरवीही मंजूर होणारच होते, म्हणून त्यातून जे वाचवता आले ते वाचवणे शहाणपणाचे होते, असे आमचे मत आहे; परंतु ज्या विद्यार्थ्यांची पूर्ण शुल्कमाफी गेली, त्यांच्या दृष्टीने या युक्तिवादाला फारसा अर्थ नव्हता, हेही तितकेच खरे.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. आयकर कमी करून विक्री व सेवांवरील कर वाढवण्याचे एक मोठे विधेयक सत्ताधाऱ्यांनी आणले होते. एब्रम्स यांनी त्यातील तरतुदींचा आकडेवार हिशेब मांडला आणि बहुसंख्य कुटुंबांवरील एकूण करभार प्रत्यक्षात वाढेल असे दाखवणारे टिपण दोन्ही पक्षांच्या आमदारांसमोर ठेवले. ते विधेयक सभागृहात मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. भाषणापेक्षा हिशेब अधिक परिणामकारक ठरल्याचा हा प्रसंग, आमच्या मते, त्यांच्या विधिमंडळातील कामाचा सर्वोत्तम नमुना आहे. २०१२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्ष १८० पैकी १२० या दोनतृतीयांश आकड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला. घटनादुरुस्तीसाठी हा आकडा लागतो, आणि तो गाठू न देणे हेच त्या काळात विरोधी पक्षाचे मुख्य उद्दिष्ट होते.

मतदार नोंदणीच्या कामाची सुरुवात कशी झाली?

२०१३ मध्ये एब्रम्स यांनी ‘न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट’ ही संस्था स्थापन केली. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि तरुण नागरिकांपैकी ज्यांची नावे मतदारयादीत नव्हती, त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून घेणे हे तिचे काम होते. त्यामागचा राजकीय विचार सरळ होता. डेमोक्रॅटिक पक्ष अनेक वर्षे ग्रामीण व मध्यममार्गी गोऱ्या मतदारांना परत मिळवण्याच्या प्रयत्नात होता. अटलांटाच्या भोवती झपाट्याने वाढणाऱ्या लोकसंख्येपैकी मतदान न करणाऱ्यांना मतदार केले, तर राज्याचे चित्र अधिक लवकर बदलेल, असे एब्रम्स यांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये संस्थेने ८० हजारांहून अधिक अर्ज सादर केल्याचे सांगितले. त्यांपैकी काही अर्ज बनावट असल्याच्या तक्रारींवरून राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे मतदारयादी व निवडणुकांवर देखरेख करणारे अधिकारी, रिपब्लिकन पक्षाचे ब्रायन केम्प यांनी चौकशी सुरू केली, तर अर्ज मुद्दाम रेंगाळत ठेवले जात असल्याची संस्थेची तक्रार होती. २०१८ ची लढत या दोघांमध्ये झाली खरी, पण त्यांच्यातील संघर्ष चार वर्षे आधीच सुरू झाला होता.

पक्षाची उमेदवारी त्यांना सहज मिळाली का?

आकडे पाहता सहज मिळाली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि २२ मे २०१८ च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत सुमारे ७६ टक्के मते मिळवली. त्यांच्या प्रतिस्पर्धी स्टेसी इव्हान्स यादेखील माजी आमदार होत्या आणि स्वतः ‘होप’ शिष्यवृत्तीवर शिकलेल्या होत्या. त्यामुळे २०११ चा तो समझोता प्रचारात मध्यवर्ती विषय ठरला. मतदारांनी मात्र त्या मुद्द्यावर एब्रम्स यांना नाकारले नाही.

त्यांच्या वैयक्तिक कर्जाचा वाद काय होता?

विद्यार्थिदशेतील कर्ज, क्रेडिट कार्डांची थकबाकी आणि केंद्रीय आयकराची पन्नास हजार डॉलरहून अधिक देणी असे मिळून त्यांच्यावर दोन लाख डॉलरच्या वर कर्ज होते. घरातील आजारपण व पालकांना दिलेला आधार हे कारण देत त्यांनी २०१८ मध्ये स्वतःच याविषयी जाहीरपणे लिहिले. विरोधकांनी त्यावरून आर्थिक बेजबाबदारीचा आरोप केला. आयकराचे हप्ते त्या ठरलेल्या व्यवस्थेनुसार भरत होत्या. राज्याचा अर्थसंकल्प हाती घेऊ पाहणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न विचारला जाणे गैर नव्हते. जॉर्जियाच्या आमदाराचे वार्षिक मानधन त्या काळी सुमारे १७ हजार डॉलर होते आणि अधिवेशन वर्षाला ४० कामकाजी दिवसांचे असते. घरची श्रीमंती नसलेल्या माणसाने अशा व्यवस्थेत दहा वर्षे टिकून राहणे किती कठीण असते, हेही या वादाच्या निमित्ताने पुढे आले.

उमेदवार असलेली व्यक्तीच निवडणूक यंत्रणेची प्रमुख कशी असू शकते?

भारतीय वाचकांना सर्वाधिक खटकणारी बाब हीच आहे, आणि ती खटकायलाही हवी. आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो आणि तो घटनात्मक, पक्षबाह्य संस्था म्हणून रचलेला आहे. जॉर्जियात मतदारयादी आणि निवडणुकीची राज्यस्तरीय देखरेख ज्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असते, तो स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला राजकारणी असतो. ब्रायन केम्प हेही माजी आमदार होते. २००३ ते २००७ या काळात ते राज्याच्या सिनेटमध्ये होते. २०१० मध्ये त्यांची सेक्रेटरी ऑफ स्टेटपदी नियुक्ती झाली आणि पुढे ते दोनदा त्या पदावर निवडून आले. २०१८ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदासाठी उभे राहताना हे पद सोडले नाही. पद सोडण्याची सक्ती करणारा कायदाही नव्हता.

माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे जॉर्जियाचेच. इतर देशांतील निवडणुकांवर देखरेख करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी केम्प यांना पत्र लिहून राजीनामा देण्याची विनंती केली. केम्प यांनी मतदानानंतर दोन दिवसांनी, म्हणजे ८ नोव्हेंबरला पद सोडले. दैनंदिन मतदान आणि मोजणी काउंटी पातळीवर होते, राज्य कार्यालयात नाही, हा त्यांचा बचाव वस्तुस्थितीला धरून होता. तरीही ज्या यादीवर स्वतःचा विजय अवलंबून आहे, ती यादी उमेदवाराने सांभाळू नये, हे तत्त्व आम्हाला इतके मूलभूत वाटते की कोणत्याही पक्षाचा उमेदवार असला, तरी ते शिथिल करता येणार नाही.

मतदारयादीबाबत नेमके कोणते आक्षेप होते?

मुख्य आक्षेप तीन होते. पहिला ‘एक्झॅक्ट मॅच’ या पद्धतीवर होता. नोंदणी अर्जातील माहिती सरकारी नोंदींशी तंतोतंत जुळली नाही, म्हणजे नावातील जोडरेघ किंवा एखादे अक्षर वेगळे निघाले, तरी अर्ज प्रलंबित ठेवला जाई. ऑक्टोबर २०१८ मध्ये असे सुमारे ५३ हजार अर्ज प्रलंबित होते आणि एका वृत्तसंस्थेच्या पाहणीनुसार त्यांपैकी जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते. अशा मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून मतदान करता येत होते, हे केम्प यांचे स्पष्टीकरण खरे होते. मात्र आपला अर्ज प्रलंबित असल्याचे कळल्यावर किती नागरिक मतदान केंद्रापर्यंत जाण्याचे धाडस करतील, हा प्रश्न त्याने सुटत नाही. दक्षिण आशियाई, लॅटिनो आणि आफ्रिकी नावे इंग्रजी लिपीत वेगवेगळ्या प्रकारे लिहिली जातात. अटलांटाच्या उत्तरेकडील जॉन्स क्रीक, अल्फारेटा अशा उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदोपत्री नाव न जुळण्याचा हा त्रास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप नावे वगळण्यावर होता. अनेक वर्षे मतदान न केलेल्या आणि सूचनापत्राला उत्तर न दिलेल्या मतदारांची नावे काढण्याची तरतूद जॉर्जियाच्या कायद्यात आहे. जुलै २०१७ मध्ये एकाच फेरीत पाच लाखांहून अधिक नावे वगळली गेली. त्यांत मृत आणि राज्य सोडून गेलेले लोकही होते. तिसरा आक्षेप मतदान केंद्रे बंद होण्याविषयी होता. २०१२ ते २०१८ दरम्यान दोनशेहून अधिक केंद्रे बंद झाली. हे निर्णय काउंट्यांनी घेतले होते आणि त्यांपैकी बऱ्याच काउंट्या गरीब व ग्रामीण होत्या.

२०१८ चा निकाल काय लागला?

केम्प यांना १९,७८,४०८ (५०.२ टक्के) आणि एब्रम्स यांना १९,२३,६८५ (४८.८ टक्के) मते मिळाली. उरलेली सुमारे एक टक्का मते लिबर्टेरियन पक्षाकडे गेली. दोघांमधील फरक ५४,७२३ मतांचा होता. जॉर्जियात विजयी उमेदवाराला ५० टक्क्यांहून अधिक मते लागतात, अन्यथा पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. केम्प यांच्याव्यतिरिक्त इतरांना सुमारे साडेसतरा हजार मते जास्त मिळाली असती, तर दुसरी फेरी झाली असती. निकालानंतर दहा दिवस टपाली व तात्पुरत्या (मतदाराची पात्रता तपासून मग मोजल्या जाणाऱ्या) मतपत्रिकांवरून न्यायालयीन लढाया का चालल्या, ते यावरून समजेल. २०१४ मध्ये याच पदासाठी पक्षाचे उमेदवार आणि जिमी कार्टर यांचे नातू जेसन कार्टर यांना साडेअकरा लाखांच्या आतच मते मिळाली होती. जॉर्जियात तोवरच्या कोणत्याही डेमोक्रॅटिक उमेदवाराला, अगदी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारालाही, एब्रम्स यांच्याइतकी मते मिळालेली नव्हती.

त्यांनी पराभव मान्य केला नाही, हे खरे आहे का?

१६ नोव्हेंबर २०१८ च्या भाषणात त्यांनी केम्प हेच अधिकृतरीत्या विजयी घोषित होतील हे मान्य केले आणि कायदेशीर मार्गाने निकाल बदलण्याचा प्रयत्न थांबवत असल्याचे सांगितले. मात्र प्रक्रिया न्याय्य होती असे म्हणण्यास नकार दिला. पुढील काळात आपण खरे तर जिंकलो होतो, अशा आशयाची विधानेही त्यांनी केली.

२०२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीनंतर डोनाल्ड ट्रम्प यांच्या वर्तनाशी याची तुलना वारंवार केली जाते. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकणे आम्हाला मान्य नाही. ट्रम्प यांच्याप्रमाणे एब्रम्स यांनी अधिकाऱ्यांवर मते शोधून काढण्यासाठी दबाव आणला नाही आणि सत्तांतर अडवण्याचा प्रयत्न केला नाही. त्याच वेळी, नियमांमुळे किती मतदार प्रत्यक्ष मतदानापासून वंचित राहिले आणि त्यांची संख्या ५४ हजारांहून अधिक होती का, हे कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. म्हणून ‘निवडणूक चोरली गेली’ हे विधान पुराव्याने टिकत नाही आणि त्यांनी त्या दिशेने बोलायला नको होते.

न्यायालयाने काय निर्णय दिला?

नोव्हेंबर २०१८ मध्येच एब्रम्स यांच्या ‘फेअर फाइट’ या संस्थेने राज्याविरुद्ध खटला दाखल केला. त्यातील अनेक दावे सुनावणीपूर्वीच फेटाळले गेले किंवा कायद्यातील बदलांमुळे निरर्थक ठरले. उरलेल्या दाव्यांवर संघराज्य न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी ३० सप्टेंबर २०२२ रोजी राज्याच्या बाजूने निकाल दिला. राज्याची निवडणूक पद्धत निर्दोष नाही, परंतु आव्हान दिलेल्या पद्धतींमुळे संविधानाचा किंवा मतदान हक्क कायद्याचा भंग होत नाही, असा त्याचा आशय होता. जोन्स यांची नियुक्ती बराक ओबामा यांच्या काळातली होती. त्यामुळे पक्षपाताचा आरोप करून हा निकाल बाजूला सारता येत नाही.

२०२० मधील जॉर्जियाच्या निकालाचे श्रेय त्यांना द्यावे का?

बरेचसे द्यावे, सगळे नाही. जो बायडेन यांनी जॉर्जिया ११,७७९ मतांनी जिंकले आणि ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीत देशाच्या संसदेतील सिनेटच्या जॉर्जियाकडील दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाने मिळवल्या. एवढ्या कमी फरकाच्या निकालात नव्या मतदारांची नोंदणी निर्णायक असतेच. परंतु गरीब वस्त्यांतून, चर्चमधून आणि स्थलांतरितांच्या मंडळांतून हे काम करणाऱ्या इतर अनेक संघटना होत्या, आणि ग्विनेट व कॉब या उपनगरी काउंट्या २०१६ पासूनच रिपब्लिकन पक्षापासून दूर जात होत्या. सारे श्रेय एका नावावर जमा केले, की दारोदार फिरलेल्या असंख्य कार्यकर्त्यांवर अन्याय होतो.

मग २०२२ मध्ये त्या एवढ्या मोठ्या फरकाने का हरल्या?

केम्प यांना ५३.४ टक्के आणि एब्रम्स यांना ४५.९ टक्के मते मिळाली. शंभर दशलक्ष डॉलरहून अधिक निधी उभारूनही एब्रम्स यांची मते २०१८ पेक्षा लाखभराने कमी झाली. याचे पहिले कारण म्हणजे केम्प आता विद्यमान गव्हर्नर होते. पेट्रोलवरील राज्य कर स्थगित करणे, करपरतावा आणि शिक्षकांची पगारवाढ हे निर्णय त्यांना घेता आले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २०२० चा निकाल उलटवण्याच्या ट्रम्प यांच्या मागणीला केम्प बळी पडले नाहीत. त्यामुळे उपनगरांतील जे मतदार २०१८ मध्ये त्यांच्याकडे साशंकतेने पाहत होते, त्यांपैकी अनेकांचा विश्वास त्यांनी मिळवला. ज्यांच्यावर निवडणूक यंत्रणेच्या गैरवापराचा आरोप होता, तेच त्या यंत्रणेच्या बाजूने उभे राहिल्याचे दिसले आणि एब्रम्स यांच्या प्रचारातील सर्वांत धारदार मुद्दा बोथट झाला. त्याच दिवशी डेमोक्रॅटिक सिनेटर राफेल वॉर्नॉक आपल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा किंचित पुढे होते आणि डिसेंबरमधील दुसऱ्या फेरीत ते जिंकले. म्हणजे केम्प आणि वॉर्नॉक या दोघांनाही मत देणारे मतदार होते. या वेळी एब्रम्स यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला.

‘न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट’ला दंड झाला तो कशासाठी?

२०१८ मध्ये एब्रम्स व इतर उमेदवारांच्या समर्थनार्थ केलेला खर्च संस्थेने आणि तिच्या संलग्न निधीने नियमानुसार जाहीर केला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी हे उल्लंघन मान्य केले आणि राज्याच्या नैतिकता आयोगाशी तीन लाख डॉलर दंडावर तडजोड केली. एब्रम्स यांनी २०१७ मध्येच संस्थेचे पद सोडले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पण पारदर्शक निवडणुकीची मागणी करणाऱ्या संस्थेने स्वतःचा निवडणूक खर्च दडवणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही.

पराभवानंतर पुन्हा लढून गव्हर्नर झालेले जॉर्जियाचे माजी आमदार आहेत का?

आहेत. राज्याच्या सिनेटचे सदस्य असलेले जिमी कार्टर १९६६ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीतच हरले आणि १९७० मध्ये गव्हर्नर झाले. केम्प यांनीही २००६ मध्ये कृषी आयुक्तपदाची उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यात ते अयशस्वी ठरले होते. एब्रम्स यांना दुसऱ्या प्रयत्नात तसे यश मिळाले नाही. २०२३ मध्ये त्या वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात अध्यापनासाठी रुजू झाल्या. २०२५ अखेरपर्यंत अमेरिकेतील एकाही राज्यात कृष्णवर्णीय स्त्री गव्हर्नरपदी निवडून आलेली नव्हती.